कोयत्याचं वर्ष आणि शाळेचं वर्ष: ऊसतोड कुटुंबातल्या एका परिचारिकेचं प्रकरण

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका वस्तीवरची मुलगी, जन्म 2000 सालचा. आई-वडील ऊसतोड कामगार. आज ती नोंदणीकृत परिचारिका आहे आणि एका सरकारी रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात काम करते. ओळख पटू नये म्हणून गाव, कारखाना, शाळा यांची नावं दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत.

अशा गोष्टी आपल्याकडे बहुतेक वेळा जिद्दीच्या म्हणून सांगितल्या जातात. या घरात दोन मुलं होती. मुलीच्या पाठीवर तीन वर्षांनी झालेला भाऊ गणितात तिच्यापेक्षा सरस होता, मेहनतीलाही कमी नव्हता. ती शिकली, त्याची शाळा आठवीत सुटली. नुसत्या जिद्दीनं याचा उलगडा होत नाही, म्हणून हे प्रकरण तपशिलात मांडलं आहे.

पार्श्वभूमी

घरची दोन एकर कोरडवाहू जमीन. बाजरी, तूर, थोडा कापूस. पावसाळा संपला की घरात पैसा येण्याची वाट एकच: कोयता. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात, एकट्या माणसाला अर्धा. मुकादम (मजुरांची टोळी जमवणारा ठेकेदार) हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि कुटुंब ऑक्टोबरच्या शेवटाला किंवा नोव्हेंबरात पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकात निघतं. एक जोडी दिवसाला साधारण दीड ते दोन टन ऊस तोडते आणि तोडणीच्या दरातून उचल फिटत जाते. एखाद्या दिवशी कामावर गेलं नाही तर तो खाडा. त्या दिवसाची मजुरी जाते, शिवाय दंडही लागतो. कारखाना बंद होताना उचल फिटली नसेल तर बाकी पुढच्या हंगामावर चढते.

मुलगी चौथीपर्यंत दर वर्षी टोळीबरोबर जायची. आई-वडील पहाटे फडात (तोडणीच्या उसात) गेले की भाऊ तिच्याकडे. कोपीत, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीत, पाणी भरणं, धाकट्याला सांभाळणं, दुपारनंतर वाढ्यांच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधणं ही तिची कामं. शाळेच्या पटावर नाव होतं. हजेरी जून ते ऑक्टोबर, मग थेट एप्रिल. चौथी संपली तेव्हा ती अडखळत वाचायची आणि हातच्याची वजाबाकी तिला येत नव्हती.

नेमकी अडचण

गरिबी होतीच. पण या घराचा कागदोपत्री इतिहास तपासला तर पैशाइतकीच दुसरी गोष्ट आडवी येताना दिसते: कोयत्याचं वर्ष आणि शाळेचं वर्ष एकमेकांत बसत नाहीत. घटक चाचण्या, सहामाहीनंतरचा महत्त्वाचा अभ्यास आणि बोर्डाची परीक्षा, सगळं हंगामात येतं. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते, तेव्हा दाखला काढणारा माणूस फडात असतो. प्रवेशाचे पैसे जून-जुलैत लागतात, तेव्हा घरात फक्त मागची बाकी असते आणि मुकादम नव्या उचलीची बोलणी करत असतो. पुढचे सगळे निर्णय या तारखांभोवती झाले आहेत.

पहिला निर्णय: ऑक्टोबर 2010

मुलगी पाचवीत होती. कुटुंबापुढे चार पर्याय होते: नेहमीप्रमाणे सोबत नेणं, कारखान्याच्या तळावर ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी चालणाऱ्या साखरशाळेत घालणं, नातेवाइकांकडे ठेवणं, किंवा गावच्या जिल्हा परिषद शाळेत सुरू झालेल्या हंगामी वसतिगृहात नाव देणं.

साखरशाळा ऐकायला सोयीची वाटते. पण बैलगाडीवाल्या टोळ्या कारखान्याच्या तळावर मुक्काम करतात, ट्रॅक्टरवर ऊस भरणाऱ्या टोळ्या फडाबरोबर गावं बदलत जातात. हे कुटुंब दुसऱ्या प्रकारातलं होतं, त्यामुळे तळावरच्या शाळेचा उपयोग नव्हता. हंगामी वसतिगृह म्हणजे त्या गावात वेगळी इमारत नव्हती. मुलांनी शाळेत दोन वेळ जेवायचं, संध्याकाळी अभ्यासाला बसायचं आणि झोपायला आजी-आजोबांकडे जायचं, अशी सोय होती. म्हणजे घरात कुणीतरी मोठं माणूस मागे राहणं भाग होतं.

आजी तोवर टोळीबरोबर जायची, कोपीवरचा स्वयंपाक तिच्याकडे असायचा. ती मागे राहिली तर तो सुनेवर पडणार होता. वडील वर्गशिक्षिकेला म्हणाले, "बाई, म्हातारी हितं राह्यली तर हिला तिनाला उठून भाकरी थापाव्या लागत्याल." हा नकार नव्हता, हिशेब होता आणि तो खरा होता. आईनंच तो मान्य केला. तो हंगाम आणि पुढचे बरेच हंगाम ती पहाटे तीनला उठली. या प्रकरणात सगळ्यात मोठी किंमत कुणी मोजली, असं विचारलं तर आमचं उत्तर आई हेच आहे. तिचं नाव कोणत्याही अर्जावर नाही.

भाऊही त्याच वेळी मागे राहिला. शिक्षिकेनं मुलीला पाचवीचं पुस्तक बाजूला ठेवायला लावलं आणि नोव्हेंबर ते जानेवारी फक्त दोन गोष्टी घेतल्या: सलग वाचन आणि चार मूलभूत क्रिया, रोज संध्याकाळी जेवणानंतर दीड तास. वयाप्रमाणे वर्गात बसवलेल्या मुलाला त्याच वर्गाचा अभ्यास रेटला तर पाया कच्चाच राहतो आणि नववीत सगळं एकदम कोसळतं. ती चूक इथे टळली.

आठवी ते दहावी: जिथे सोय संपते

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत होते. निवड झाली तर नववी ते बारावी अशी चार वर्षं पैसे मिळतात. अर्जाला पालकांच्या उत्पन्नाचा दाखला लागतो. शाळेनं तो जुलैतच मागून घेतला, कारण ऑक्टोबरनंतर वडील हाती लागणार नव्हते. फॉर्मसाठी त्यांना फडातून बोलवायचं म्हणजे जाण्या-येण्याचे दोन खाडे. मुलीची निवड झाली. तेव्हा रक्कम महिन्याला 500 रुपये होती, एप्रिल 2017 पासून ती 1000 झाली.

पहिल्या वर्षाचे पैसे मात्र जवळजवळ अकरा महिने उशिरा आले. अर्जावर वडिलांचं नाव एका प्रकारे, बँकेच्या खात्यावर दुसऱ्या प्रकारे लिहिलं होतं. एका वेलांटीचा फरक. ज्या घरात नववीची वह्या-पुस्तकं या पैशांवर घ्यायची ठरली होती, तिथे वर्षभर दुसऱ्यांची पुस्तकं मागून आणावी लागली.

खरा धोका नववीत होता. हंगामी वसतिगृह आठवीपर्यंत, शालेय पोषण आहारही आठवीपर्यंत. हायस्कूल सहा किलोमीटरवर. एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत होता, पण संध्याकाळची गाडी फाट्यावर पोचेपर्यंत डिसेंबरात अंधार पडायचा आणि फाट्यापासून वस्ती दीड किलोमीटर. यावर तोडगा कोणत्याही योजनेतून निघाला नाही. वस्तीवरच्या तीन मुलींनी एकत्रच यायचं ठरलं आणि आजी हंगामाचे पाच महिने रोज बॅटरी घेऊन फाट्यावर उभी राहिली. नजर अधू असल्यामुळे मुली जवळ येईपर्यंत तिला ओळखू यायच्या नाहीत, म्हणून त्या लांबूनच एकमेकींना मोठ्यानं हाका मारत यायच्या.

जेवणासाठी रेशन कार्ड आजीपाशी ठेवण्याचा निर्णय महत्त्वाचा ठरला. बरीच कुटुंबं कार्ड बरोबर नेतात किंवा पेटीत कुलपात ठेवून जातात, आणि मागे राहिलेल्यांना चार-पाच महिने धान्य मिळत नाही.

मे 2016: लग्नाचा प्रस्ताव

दहावीची परीक्षा झाली, निकाल लागायचा होता. मुलगी सोळा वर्षांची. टोळीतल्याच एका घरातून स्थळ आलं. मुलगा चांगला होता. लग्न झालं की नवा कोयता उभा राहणार होता आणि मुकादम त्या जोडीला स्वतंत्र उचल द्यायला तयार होता.

हे पैशासाठी मुलगी देणं आहे, असं बाहेरून दिसतं. वडिलांशी दोन-तीनदा सविस्तर बोलल्यावर कारण वेगळं निघालं. आजी थकली होती. पुढची पाच महिने वयात आलेली पोरगी वस्तीवर एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा त्यांचा प्रश्न होता. लग्नात त्यांना त्याचं उत्तर दिसत होतं. शिक्षणाचं महत्त्व कितीही समजावलं असतं तरी या प्रश्नाला उत्तर मिळालं नसतं.

पुढे तीन वाटा होत्या. लग्न. एक वर्ष अर्धा कोयता म्हणून टोळीबरोबर जाऊन नंतर फॉर्म नंबर 17 भरून, म्हणजे बाहेरून, बारावी. किंवा तालुक्याला अकरावी आणि मागासवर्गीय मुलींच्या शासकीय वसतिगृहात प्रवेश. दुसरी वाट दिसायला मधली, व्यवहारात ती पहिलीकडेच जाते. एकदा अर्ध्या कोयत्यावर उचल घेतली की ती फिटेपर्यंत सुटका नाही.

हायस्कूलच्या शिक्षकांनी वडिलांना तालुक्याला नेऊन वसतिगृह दाखवलं. फाटक, गृहपालांची खोली, मुलींची नोंदवही, जेवणाची जागा. मुलीनं बाहेर जाताना सही करायची, वेळेत परत यायचं, घरचं कोण भेटायला येऊ शकतं ते आधी लिहून द्यायचं. हे पाहून वडील परतीच्या एसटीत म्हणाले, "घरापरीस हितं नीट राहील." स्थळाला दोन वर्षं थांबा म्हणून निरोप गेला.

अडचण अशी की ही मुलगी भटक्या जमातींच्या प्रवर्गातली आणि या वसतिगृहांत विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी शंभरात पाच जागा. पहिल्या यादीत नाव आलं नाही. दोन महिने ती चार मुलींबरोबर भाड्याच्या खोलीत राहिली, रिकाम्या जागांच्या यादीत ऑगस्टअखेरीस नंबर लागला. त्या दोन महिन्यांचं भाडं आणि डब्याचा खर्च वडिलांनी उचलीतून भागवला. म्हणजे त्या वर्षी उचल नेहमीपेक्षा जास्त घेतली. याचा परिणाम कुठे झाला ते पुढे येईल.

जात पडताळणी: सगळ्यात चिवट काम

व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश हवा तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. अर्ज अकरावीतच केला, हे बरं झालं.

भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा पाहिला जातो. इतर मागासवर्गासाठी ही तारीख 13 ऑक्टोबर 1967 आणि अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 आहे. पुरावा म्हणून सगळ्यात सोपा कागद म्हणजे आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. इथे आजोबा शाळेत गेलेच नव्हते. वडील दुसरीपर्यंत, पण ती नोंद 1961 नंतरची. मराठवाड्यातल्या निजामकाळातल्या जुन्या नोंदी पुष्कळदा उर्दूत असतात, त्यामुळे तहसीलमध्ये हेलपाटे घालूनही हाती काही लागलं नाही.

मार्ग निघाला तो भाऊबंदकीतून. आजोबांचा एक चुलत भाऊ शेजारच्या गावात मामाकडे राहून 1957 साली पहिलीत बसला होता. त्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नोंद सापडली. रक्ताच्या नात्यातला माणूस असल्यानं ती चालते, पण नातं सिद्ध करावं लागतं. त्यासाठी वंशावळीचं शपथपत्र, आणि त्या वंशावळीतलं प्रत्येक नाव दुसऱ्या कुठल्या तरी कागदावर तसंच सापडलं पाहिजे. उताऱ्यावर आडनाव नव्हतं, फक्त नाव आणि बापाचं नाव. तेवढ्यावर त्रुटी निघाली आणि सातबाराचे जुने फेरफार जोडून ती दूर करावी लागली. प्रमाणपत्र हाती यायला तेरा महिने लागले. बारावीनंतर अर्ज केला असता तर 2018 ची प्रवेशफेरी हातातून गेली असती.

ज्यांच्या आजोबांना शाळा मिळाली नाही त्यांनाच तो शाळेचा कागद शोधायला सगळ्यात जास्त फिरावं लागतं. या नियमामागचं कारण समजतं, तरी हा भार अन्यायाचा वाटतो.

बारावीनंतर

बारावी विज्ञान, 64 टक्के. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, जीएनएम (परिचर्या आणि प्रसूतिशास्त्राची पदविका) तीन वर्षांचं. खासगी महाविद्यालयात बी.एस्सी.ची जागा मिळत होती. शिष्यवृत्तीतून शुल्क येईल, तोवर निम्मी रक्कम भरा आणि मूळ कागदपत्रं जमा करा, अशी अट होती. ही अट धोक्याची. शिष्यवृत्ती उशिरा येते, थकबाकी राहिली की मूळ गुणपत्रिका अडकून पडते आणि मधेच सोडायची वेळ आली तर दुसरीकडे प्रवेशही घेता येत नाही. सरकारी जीएनएम शाळेत शुल्क नाममात्र, राहण्याची सोय तिथेच, आणि एक वर्ष आधी कमाई सुरू. घरानं जीएनएम निवडलं. दर्जा म्हणून बी.एस्सी. वरची, पण या घराला चौथं वर्ष पेलणारं नव्हतं आणि जीएनएमनंतरची पदवी, पोस्ट बेसिक बी.एस्सी., पुढेही करता येते.

पहिल्या वर्षी ती बायोसायन्समध्ये नापास झाली. वॉर्डात काम उत्तम, पेपर इंग्रजीत. पुरवणी परीक्षेआधी तिनं तीन रकान्यांची वही केली: इंग्रजी शब्द, त्याचा देवनागरीत उच्चार, आणि आजीला सांगता येईल असा अर्थ. "हायपोथर्मिया: बाळाचं अंग गार पडणं." रोज दहा शब्द. अशी वही अकरावीच्या सुट्टीत सुरू झाली असती तर ते नापास होणं टळलं असतं.

एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीत राज्यभरात एक लाखाहून अधिक ऊसतोड कामगार कारखान्यांच्या परिसरात अडकले होते. तिचे आई-वडीलही त्यांत होते. ती दुसऱ्या वर्षाला होती, तिच्या परीक्षाही लांबल्या. अभ्यासक्रम 2021 च्या शेवटी संपला.

निष्पत्ती

महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी झाल्यावर तिनं वर्षभर एका खासगी रुग्णालयात बारा तासांच्या पाळीत काम केलं. 2023 पासून ती राष्ट्रीय आरोग्य अभियानात स्टाफ नर्स आहे, मानधन महिन्याला 20 हजार. नोकरी कंत्राटी आहे, नेमणूक दर वर्षी नव्यानं होते. तिची गोष्ट सांगताना ही बाजू झाकून ठेवू नये.

तिच्या कक्षात 1800 ग्रॅमपेक्षा कमी वजनाची बाळं येतात. हंगामात त्यांत फडावरून आलेल्या बायकांची बाळं असतात. नियमाप्रमाणे आईला कांगारू पद्धत शिकवतात: बाळाला उघड्या छातीशी उभं धरायचं, वर कापड गुंडाळायचं, डोकं टोपीनं झाकायचं. हे सगळ्याच परिचारिका शिकवतात. ती त्यापुढे विचारते, "ताई, खाडा किती दिवसांचा पडलाय? टोळी आता कुठल्या गावाला?" उत्तर मिळालं की घरी सोडतानाच्या कागदावर त्या मुक्कामाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव, पुढच्या वजनाची तारीख आणि आजचं वजन मोठ्या आकड्यांत लिहून देते. फडावर कापडासाठी वेगळं काही मिळणार नाही हे तिला माहीत असतं, म्हणून ती आईच्या स्वतःच्या नऊवारीचा किंवा ओढणीचा पदर घेऊनच बांधायला शिकवते.

काय वेगळं करता आलं असतं

बँक खातं, आधार आणि शाळेचं रजिस्टर यांतली नावं सातवीतच जुळवून घ्यायला हवी होती. ते दोन तासांचं काम आहे, पण एप्रिल-मेमध्ये करावं लागतं, कारण वडील तेव्हाच गावात असतात. जात पडताळणीची शोधाशोध नववीत सुरू करता आली असती. वंशावळ सांगणारी म्हातारी माणसं तेव्हा जास्त होती. या घरात ज्यांनी 1957 च्या शाळेची आठवण सांगितली ते गृहस्थ पुढच्याच वर्षी वारले.

2016 च्या लग्नाच्या प्रस्तावाच्या वेळी शिक्षकांनी समजुतीवर भर दिला आणि तो फळाला आला. तरी वसतिगृहात नंबर लागला नसता तर काय, याची तयारी नव्हती. गावात तेव्हा ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी होते. त्यांना निदान कल्पना देऊन ठेवायला हवी होती आणि मुलीला 1098 हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक माहीत हवा होता.

आणि भाऊ. 2016-17 मध्ये तो आठवीत होता. आजी आजारी होती. गावच्या हंगामी वसतिगृहाची मंजुरी त्या वर्षी डिसेंबरात आली, टोळी नोव्हेंबरातच गेली होती. बहिणीच्या खोलीसाठी उचल वाढवली होती, तेव्हा तो "सोबत म्हणून" गेला. मुक्कामाच्या गावी शाळेत बसता यावं म्हणून शाळेनं त्याला शिक्षण हमी कार्ड दिलं होतं. फडापासूनची शाळा चार किलोमीटरवर होती आणि ट्रॅक्टर भरायला हात कमी पडत होते. कार्ड कोपीच्या कुडात खोचलेलं राहिलं. सगळ्यांचं लक्ष त्या वर्षी मुलीच्या अकरावीवर होतं. तिची फाईल तयार करणाऱ्या कुणीही त्याच घरात दुसरं मूल आठवीत आहे याची नोंद घेतली नाही. आजीची सोय शेजारच्या घरी लावून त्याला एक महिना थांबवता आलं असतं, मग वसतिगृह सुरू झालंच होतं.

तो आता टोळीत आहे. फॉर्म नंबर 17 भरून दहावी द्यायची त्याची तयारी आहे, पण परीक्षा फेब्रुवारी-मार्चात, ऐन हंगामात. त्यासाठी एक हंगाम सोडावा लागेल आणि हंगाम सोडायचा तर आधी उचल फिटली पाहिजे. बहीण मानधनातून दर महिन्याला 3 हजार त्यासाठी बाजूला काढते. शेवटचा हिशेब झाला तेव्हा 40 हजार बाकी होते.